दोरो खोऱ्यातलं द्राक्षगाव : एकाच डोंगरावर चार तऱ्हेच्या पायऱ्या, असं काहून?

वावर_धुरा
नमस्कार मंडळी. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांसमोर पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यावर अर्धा तास बोलायचं आहे. गाव, जमीन, रीतभात असा विषय आहे, नुसती वाइन नाही. फोटो पिन्यांव आणि वरच्या प्रोवेझेंद गावाभोवतीचे आहेत. घोळ असा की एकाच डोंगरावर कुठे दगडी भिंतींच्या अरुंद पायऱ्या, कुठे मातीचे उघडे उतार, कुठे वेलींच्या ओळी सरळ खालून वर, आणि मध्येच झुडपांनी भरलेल्या पडक्या भिंती. यात जुनं कोणतं, नवं कोणतं? तिथली 'फ्रेगेझिया' म्हणजे आपली ग्रामपंचायतच का? आणि पायाने द्राक्षं तुडवणं खरंच चालतं की पाहुण्यांसाठी तमाशा?

मुरूम_आणि_माती
भाऊ, तो फोटो म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांचा सातबारा आहे, तसाच वाचायचा.

सगळ्यात जुन्या पायऱ्या अगदी अरुंद, एक-दोन ओळींच्या. काही भिंतींत ओळीने भोकं दिसतील, त्यांना पिल्येरुश म्हणतात. वेल त्या भोकातून, म्हणजे भिंतीच्या पोटातूनच लावायचे, म्हणजे वरची सपाट पट्टी धान्याला मोकळी राहायची. 1860 च्या दशकात फिलॉक्सेरा आला. मुळं खाणारी ही मावावर्गीय कीड अमेरिकेतून आली आणि बागा उभ्या वाळल्या. ज्या पायऱ्या परत लावल्याच नाहीत त्या तुमच्या झुडपांच्या भिंती. तिथे त्यांना मोर्तोरियुश म्हणतात, म्हणजे जवळपास मसणवटच. ज्या परत लावल्या त्या रुंद, जास्त ओळींच्या आणि उंच भिंतींच्या.

मातीचे उघडे उतार म्हणजे पातामारेश. 1970 नंतर बुलडोझर आला, मजूर कमी झाले, ट्रॅक्टर वर न्यायचा होता. भिंत नाही, नुसता मातीचा तिरपा काठ. स्वस्त पडतं, पण काठच इतकी जागा खातो की वेली कमी बसतात, आणि जोराच्या पावसात काठ घसरतो. म्हणून आता एकाच ओळीच्या अरुंद पातामारला लांबीच्या दिशेने साधारण 3 टक्के उतार देतात, पाणी काठावरून न सांडता हळूहळू बाजूला निघतं. खालून वर जाणाऱ्या ओळी म्हणजे 'विन्या आउ आल्तु'. त्याला मध्यम उतारच लागतो, 40 टक्क्यांपुढे यंत्र चालवणं धोक्याचं.

तुमच्या मंडळींना फिलॉक्सेराचा भाग लगेच पटेल. उपाय निघाला तो कलमाचा : खाली अमेरिकन वेलीचा खुंट, वर आपली जात. आपण जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो तोच हिशेब. फरक एवढाच की आपल्याकडे खुंट निवडताना डोक्यात डिंक्या रोग असतो, तिथे कीड होती.

वावर_धुरा
वा, हे बरं झालं. पुढचा प्रश्न नक्की येणार : अशी भिंत आपल्या उताराच्या वावरात का नाही? सिमेंट न लावता ती उभी तरी कशी राहते?

मुरूम_आणि_माती
सिमेंट नाही म्हणूनच उभी राहते. भिंतीमागे पाणी साचलं की ते ढकलतं. कोरड्या रचाईत ते फटींतून झिरपून जातं. दुरुस्तीला कोणी दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरून प्लास्टर मारलं की दोन-चार पावसाळ्यांत भिंत पोट काढते.

रचाई अशी. पोट काढलेला भाग पक्का थर लागेपर्यंत उतरवायचा आणि दगड तीन ढिगांत लावायचे : मोठे, मधले, कपच्या. पाया खडकापर्यंत. सगळ्यात मोठे दगड तळाला, आडवे, आणि त्यांची लांबी डोंगराच्या आत. इथेच नवशिके फसतात : दर्शनी बाजू सुंदर दिसावी म्हणून लांब बाजू बाहेर ठेवतात, मग दगडाला आत पकड राहत नाही. प्रत्येक थराला सांधमोड हवी, खालच्या सांध्यावर वरचा सांधा आला की तिथूनच भिंत उसवणार. तोंड ओळंब्यात नको, डोंगराकडे किंचित कललेलं हवं. मागची पोकळी थर चढेल तशी कपच्यांनी भरायची. माती टाकली की ती फुगते, निचरा बंद. पाचर मागून ठोकायची, पुढून ठोकलेली गळून पडते. शेवटी माथ्यावर वजनदार दगड.

आता आपलं. दोरोचा दगड शिस्ट आहे, पाट्यांसारखा चपटा फुटतो. त्याच पाट्या उभ्या रोवून पूर्वी वेलींचे खांबही करायचे. काटोलकडचा आपला काळा दगड गोटा फुटतो, नीट बसत नाही. त्यात काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर फाटते. तिच्यावर पाया टेकवला की गेलं. मुरूम लागेपर्यंत खोदायची तयारी असेल तरच नाद करा, नाहीतर गवत लावलेला मातीचा धुरा, म्हणजे बांधच बरा.

नॅरोगेज_नागभीड
फ्रेगेझियाचं सांगतो. शब्दाचा मूळ अर्थ चर्चची पॅरिश, आता ती पोर्तुगालमधली सगळ्यात लहान प्रशासकीय पायरी. निवडून आलेली सभा आणि तिचं कार्यकारी मंडळ, त्याला झुंता म्हणतात. वर नगरपालिका, प्रोवेझेंदची साब्रोझा. म्हणून ग्रामपंचायत म्हणायला हरकत नाही. 2013 मध्ये खर्च वाचवायला देशभरातल्या 4,259 फ्रेगेझिया जवळपास 3,100 वर आणल्या. गट ग्रामपंचायत झाली की 'कार्यालय कोणाच्या गावात' यावर जे होतं ते तिथेही झालं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने झुंतापेक्षा मोठी गोष्ट बेनेफिसियु, म्हणजे पोर्ट (दारू मिसळून केलेली तिथली गोड वाइन) करायचा परवाना. प्रत्येक तुकड्याला गुण मिळतात : उंची, उतार, दिशा, माती, जात, वेलीचं वय वगैरे. त्यावरून A, B अशी प्रतवारी, आणि दरवर्षी ठरतं की तुमच्या किती रसाची पोर्ट करता येईल. उरलेली द्राक्षं साध्या वाइनला, बहुतेकदा कमी भावात. म्हणजे तिथे वावराची किंमत एकरावर कमी आणि त्या कागदावर जास्त. पोर्तोहून रेल्वेने जा, नदीकाठाने पिन्यांवला अडीच तास लागतात आणि स्टेशनावर निळ्या फरशांवर द्राक्षतोडणीची चित्रं आहेत. त्या मार्गाच्या मीटरगेज फाट्या मात्र बंद झाल्या. आपल्या नागभीड लाइनवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि हो, सीमा आखलेला हा जगातला पहिला द्राक्षप्रदेश, 1756, तेव्हाचा पोर्तुगालचा मंत्री मार्किश द पोम्बालने आखलेला. हे वाक्य टाळ्या घेतं.

बर्डीचा_कट्टा
टाळ्या घेतं, पण चुकीचं आहे. इटलीतल्या कियांतीची हद्द 1716 ला ठरली, हंगेरीतल्या तोकायची 1737 ला. दोरोचं वेगळेपण असं की तिथे हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले, 1758 ते 1761 मध्ये 335, आणि उत्पादनापासून विक्रीपर्यंत नियम लावायला एक कंपनी उभी केली. 'नियमांसह आखलेला पहिला' म्हणा.

तुडवणं : तमाशाही आहे आणि खरंही. पोर्टला आंबायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात, एवढ्यात सालीतला रंग निघायला हवा. पाय सालं चिरडतो, पण बी फोडत नाही. बी फुटलं की कडवट उतरतं. लागार म्हणजे ग्रॅनाइटचं उथळ चौकोनी टाकं, रस मांडीपर्यंत. पहिले दोनेक तास 'कोर्त' : खांद्याला खांदा लावून रांगा, एका तालात पाय, गप्पा नाहीत. मग 'लिबरदाद', म्हणजे सुटका. वाद्यं सुरू, हवं तसं नाचा. पाहुण्यांना दाखवतात तो हा दुसरा भाग. नंतर सालं वर तरंगून जाड साय धरते, ती बुडवत राहायला खुंट्या ठोकलेले लांब दांडे असतात. त्यांना माकाकुश म्हणतात, माकडं! साय कोरडी पडली तर रस आंबट होतो.

साखर निम्म्यावर आली की रस काढून 77 टक्क्यांची द्राक्षाची दारू मिसळतात, आंबवण तिथेच थांबतं. एका पीपाचा हिशेब : 435 लिटर रस आणि 115 लिटर दारू, एकूण 550. दारूतला अल्कोहोल 88.5 लिटर, रसात 6 टक्के धरले तर 26. म्हणजे 550 मध्ये साडेवीसच्या पुढे. उशीर झाला तर गोडी गेली, घाई झाली तर नुसता पाक. आपला 'पिंप' हा शब्द याच पीपावरून आला, हेही सांगून टाका. लागारच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, दारं उघडी ठेवतात ती त्यासाठी.

ताई_महाल
रीतभात राहिलीच की. जवळच्या लामेगोला 8 सप्टेंबरला रेमेदियुश मातेची मिरवणूक निघते, मूर्तींचे रथ बैल ओढतात. तुमच्या सभेच्या आसपास पोळा-मारबत असेल तर फोटो आधी तोच लावा, बंडीवाली माणसं कान देतील. तोडणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून. पूर्वी डोंगरातल्या गावांतून मजुरांच्या टोळ्या यायच्या, टोळीला रोगा आणि मुकादमाला रोगादोर. 11 नोव्हेंबरला सांव मार्तिन्यु, त्या दिवशी चेस्टनट भाजून नवी वाइन चाखतात.

वाइनचं नाव काढल्यावर कोणी नाक मुरडलं तर फावायुश गावाचा पाव दाखवा. लाकडाच्या भट्टीतला, चार कोपरे ओढलेला. पाव हा शब्दही त्यांचाच.

वावर_धुरा
सगळ्यांचे आभार. '1756 पहिला' काढून टाकलं. मुरूमभाऊ, भिंतीच्या आडव्या छेदाचं हाताने काढलेलं चित्र मिळेल का? कपच्यांचा थर आणि डोंगराकडचा कल दोन्ही दिसले पाहिजेत.

मुरूम_आणि_माती
रविवारपर्यंत टाकतो. तोवर पाटीवर नुसती एक तिरपी रेघ काढा आणि लोकांना विचारा, दगडाची लांब बाजू कुठे ठेवाल. निम्मे बाहेर म्हणतील.