आउटबॅकमधला निवांत मुक्काम : तुमचे अनुभव लिहा

पुढच्या जुलैत आम्ही तीन कुटुंबं मेलबर्नहून पुन्हा कॅरव्हॅन घेऊन निघतोय. काय काय पाहायचं याच्या याद्या ढीगभर आहेत. मला विचारायचंय ते वेगळं : आउटबॅकमधल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागातल्या, एखाद्या गावात मित्रांसोबत नुसते पडून राहिलात का कधी? कुठे, आणि दिवस गेला कसा? काहीच केलं नसेल तर तेच सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात. ब्रोकन हिल. एका रात्रीपुरते थांबलो, चार राहिलो. गाव न्यू साउथ वेल्समध्ये, पण घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाचं, अर्धा तास मागे. त्यामुळे रोज बेकरी उघडायच्या आधीच जाऊन फुटपाथवर गप्पा मारत बसायचो. तिसऱ्या दिवशीही घड्याळ कुणी मागे केलं नव्हतं.

पुढे ॲडलेडच्या वाटेवर ऊडला विराचा तपासणी नाका. फळमाशीच्या धास्तीने ताजी फळं, टोमॅटो, मिरच्या पुढे नेऊ देत नाहीत, शिजवलेलं चालतं. मित्राकडे किलोभर हिरव्या मिरच्या. टाकायच्या? छे! शेवटच्या दुपारी चौघांनी देठं खुडली, मिरच्या-लसूण तेलात चांगलं परतलं, मीठ घातलं आणि खलबत्ता नाही म्हणून स्टीलच्या पेल्याच्या बुडाने तव्यातच रगडलं. शेजारच्या कॅरव्हॅनमधले आजोबा खोकतच बाहेर आले. त्यांना ब्रेडला लावून दिलं. संध्याकाळी रिकामी बाटली घेऊन हजर!

*

आमचं लाइटनिंग रिज. ओपल या रत्नाचं गाव, पण आम्ही एकही खाण पाहिली नाही. जमिनीखालून येणाऱ्या गरम पाण्याचं कुंड आहे, चाळीसेक अंशाचं, फुकट. थेट वज्रेश्वरी, फक्त देऊळ नाही. जुलैतली, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली पहाट, बाहेर दात वाजतायत. बायका आधी "आम्ही नाही बाई" म्हणत काठावर पाय सोडून बसल्या. मग अशा उतरल्या की आम्ही चहा करून आणला तरी बाहेर यायला तयार नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी दोन दिवस जास्तच धरा.

*

कूबर पेडी. लोक उन्हाळ्याला कंटाळून डोंगर कोरून आत राहतात. आत शिरलं की माठाशेजारी बसल्यासारखं वाटतं. फोटो काढताना मागे सरकू नका, अशा पाट्या आहेत, कारण जिकडेतिकडे खाणींचे उघडे खड्डे. आमच्या मुलांनी खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यात दोन तास ओपल शोधलं. मिळाला एक जुना बूट. मात्र कच्च्या रस्त्यावर कॅरव्हॅनमधलं कपाट उघडून भाजणीचा डबा सांडला होता. लाल धूळ आणि भाजणी वेगळी करता येत नाही, हे अनुभवाने सांगते. कपाटांना दोरी बांधा.

*

बाबा सांगोल्याहून आले होते, तेव्हा दोन मित्रांच्या कुटुंबांसोबत मारीला थांबलो. गाव एवढंसं. जुनं रेल्वे स्टेशन आणि पूर्वी इथे उंटांवरून माल नेणाऱ्या उंटवाल्यांच्या मशिदीची मातीची प्रतिकृती. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते. 1860 मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी उंट कराचीहून आणले होते, असं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या मुंबई इलाख्यातनंच की!" तेव्हा सिंध खरंच मुंबई इलाख्यात होता. मग दिवसभर बाबा खुर्ची टाकून स्टेशनाच्या सावलीत बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचे. आम्ही तिकडेच पत्ते मांडले.

*

माश्यांबद्दल कुणीच कसं लिहीत नाही? आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो. तोंडावर जाळी घालून पोहे खाऊन दाखवा. जुलै उत्तम. आणि अंधार पडायच्या आत गाव गाठाच; तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात.

*

मूळ लेखिकेला प्रश्न : तो किलोभर मिरच्यांचा ठेचा टिकला किती दिवस?

*

पोर्ट ऑगस्टापर्यंत. बाटलीभर तर आजोबाच घेऊन गेले.