कॅलिफोर्निया : मद्यपान करून गाडी चालवल्याचा गुन्हा सिद्ध झाल्यावर मर्यादित परवाना कसा मिळतो?

प्रश्न (फ्रीमाँट)

माझ्या धाकट्या भावाला मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल न्यायालयाने नुकतेच दोषी ठरवले. गुन्हा पहिलाच आहे, कोणाला इजा झालेली नाही आणि चाचणी त्याने नाकारली नव्हती. तीत अल्कोहोलचे प्रमाण ०.११ टक्के आले. परवाना निलंबित झाला आहे. नोकरी ट्रेसीला असल्यामुळे रोज आल्टामाँटचा घाट ओलांडावा लागतो, भावजयीला गाडी चालवता येत नाही आणि मुलाला शाळेत सोडणेही त्याच्याकडेच आहे. मर्यादित परवान्यावर शाळेत सोडण्याची मुभा असते का? त्याचा भारतातला परवाना अजून वैध आहे. तोवर त्यावर काम चालवता येईल का?

उत्तर १ (सॅन होजे)

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका सर्वांत मोठा आहे. भारतातल्या परवान्यावर गाडी अजिबात चालवू देऊ नका. निलंबन केवळ त्या प्लास्टिकच्या कार्डाचे नसून कॅलिफोर्नियात गाडी चालवण्याच्या हक्काचेच असते, आणि अशा निलंबनात गाडी चालवताना पकडले गेल्यास पहिल्या खेपेलाही किमान दहा दिवसांच्या कैदेची तरतूद आहे.

आता मर्यादित परवान्याविषयी. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, इजा न झालेल्या पहिल्या गुन्ह्यात आणि न्यायालयाने इंटरलॉकचा, म्हणजे श्वास तपासल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्राचा, आदेश दिलेला नसल्यास, साधारणपणे दोन मार्ग असतात. पहिल्यात बारा महिने फक्त कामावर जाणे-येणे, कामाच्या ओघात लागणारा प्रवास आणि मद्यपान करून गाडी चालवणाऱ्यांसाठीच्या सक्तीच्या वर्गाला जाणे-येणे एवढीच परवानगी मिळते. मुलाची शाळा त्यात बसत नाही. दुसऱ्यात गाडीला इंटरलॉक सहा महिने बसवायचे असते, आणि मग कुठेही जाता येते. आपल्या भावाची घडी पाहता दुसराच मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी राज्यमान्य वर्गात नाव नोंदवल्याचा दाखला, विमा कंपनीने डीएमव्हीकडे (राज्याच्या मोटार वाहन खात्याकडे) पाठवलेले एसआर-२२ हे हमीपत्र, यंत्र बसवल्याचे प्रमाणपत्र आणि शुल्क एवढे लागते. एसआर-२२ तीन वर्षे खंड न पडता चालू ठेवावे लागते. मध्येच विम्याचा हप्ता चुकला तर परवाना पुन्हा निलंबित होतो. न्यायालय आणि डीएमव्ही यांच्या कारवाया स्वतंत्र असतात, त्यामुळे न्यायाधीशांनी होकार दिला तरी डीएमव्हीचा परवाना हाती येईपर्यंत गाडीला हात लावू नये.

उत्तर २ (सॅक्रामेंटो)

यंत्राबद्दल थोडे. गाडी सुरू करतानाच नव्हे, तर चालू असतानाही ते मध्येच फुंकर मागते, आणि त्यासाठी घाटातसुद्धा सुरक्षित जागा पाहून थांबता येईल इतका वेळ देते. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशचा अंशही ते टिपते, तेव्हा आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची सवय लावावी. दर साठ दिवसांच्या आत यंत्राची तपासणी करून घ्यावी लागते. ती वारंवार चुकवली किंवा यंत्रात ढवळाढवळ केली, तर बसवणाऱ्याला डीएमव्हीला कळवावेच लागते आणि मर्यादित परवानाही जातो. घरातली दुसरी गाडी पत्नीच्या नावावर असली तरी इंटरलॉकशिवाय तीही त्याला चालवता येणार नाही.

प्रश्नकर्ता

आपण दोघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. इंटरलॉकचाच मार्ग घेऊ. भाऊ एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि दिवाळीनंतर आईला भेटायला पुण्याला जाण्याचा बेत होता. त्यात काही अडचण येईल का?

उत्तर ३ (सनीव्हेल)

येऊ शकते, आणि तिकीट काढण्यापूर्वीच स्थलांतरविषयक वकिलाला विचारावे. नोव्हेंबर २०१५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे धोरण असे आहे की गेल्या पाच वर्षांत अशा गुन्ह्यात अटक झाली असली, तरी पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करता येतो. त्यासाठी दोषी ठरण्याचीही गरज नसते. त्यामुळे इथले वास्तव्य आणि नोकरी आपोआप संपत नाही, पण एकदा देशाबाहेर पडल्यावर नव्याने व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्या वेळी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडून मद्यपानाच्या सवयीची तपासणी होऊन मगच निर्णय होतो. भावाने व्हिसाच्या अर्जात दिलेला ईमेल तपासावा, कारण रद्द झाल्याची सूचना बहुधा तिथेच येते. अर्जातील अटकेच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे आणि न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत व वर्ग पूर्ण केल्याचा दाखला सोबत ठेवावा. वर्ग संपेपर्यंत प्रवास लांबवता आला तर फार बरे, आणि शक्य असेल तर या खेपेस आईंनाच इकडे बोलवावे.