अनुभव धागा: बोललो एक, कळलं भलतंच

चाळकरी:
लेक एमपीएससीची तयारी करतेय. उपमेचं उदाहरण मोठ्यानं वाचत होती, 'मुंबईची घरे मात्र लहान, कबुतराच्या खुराड्यासारखी'. आमच्याही वेळी हेच होतं. परळच्या शाळेत बाईंनी ते वाचलं तेव्हा मागचे बाक हसले, आम्ही चाळीतली पोरं गप्प. अलंकार तिथेच कळला, व्याख्या नंतर पाठ केली. तुमचे किस्से येऊ द्या. म्हणी, वाक्प्रचार, टोमणे, काहीही.

कुकरची_शिट्टी:
नात इंग्रजी माध्यमात. म्हटलं, पोटात कावळे ओरडतायत. तिने खरंच कान लावला 😂 म्हणे आजी, गॅस झालाय.

पावणेनऊची_फास्ट:
चौथ्या सीटवाले काका म्हणाले, जरा सरका. खिडकीवाला म्हणतो, "काका, सीट आहे, रबर नाही." अख्खा डबा हसला. ही अपन्हुती ना?

निवृत्त_बाई:
उलट आहे. अपन्हुतीत खरी वस्तूच नाकारतात: हा डबा नव्हे, हे वारूळ. वारुळासारखा डबा ही उपमा, डबा जणू वारूळच ही उत्प्रेक्षा, डबा म्हणजे साक्षात वारूळ हे रूपक. दादर ते ठाणे एवढ्यात होतं सगळं. क्लासवाले नुसते तक्ते घोकून घेतात, डोकं उठतं माझं.

अनामिका:
भाचा ऑटिस्टिक आहे. 'डोकं खाऊ नकोस' म्हटलं तर रडला, मी नाही खाल्लं म्हणून. आता आम्ही असं काही बोललो की लगेच साधा अर्थही सांगतो. हल्ली तोच विचारतो, "मावशी, हे खरं की नुसतं बोलायचं?"

कुकरची_शिट्टी:
अनामिका, गुणी गं पोरगं. आमच्याकडे मोठी माणसं विचारत नाहीत, थेट भांडतात.

खिडकीबंद:
खुराड्यावरून आठवलं, कांदिवलीत कबुतरजाळी लावणारा कोणी माहितीये का? एसीवर घरटंच बांधलंय मेल्यांनी.

निवृत्त_बाई:
धागा कसला, विचारता काय!

पावणेनऊची_फास्ट:
खिडकीबंद, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. जाड नायलॉनची घ्या, पातळ उन्हाने कुजते.

नवी_सून:
बाई, एक शंका. सासूबाई काल म्हणाल्या, "किती काटकसरी गं तू, मिठाचासुद्धा खर्च करत नाहीस." हे कशात धरायचं?

निवृत्त_बाई:
व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून निंदा. सासूबाईंना पैकीच्या पैकी.

नवी_सून:
🙈 आल्या वाटतं. पळते.