गुऱ्हाळ बंद असताना पावसाळ्यात चरक, काहील, चुलवण आणि चिपाड कसं सांभाळावं?

जांबोटी_रोड:
खानापूर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. तीन रोलरचा चरक (ऊस पिळायचं यंत्र), १५ एचपी मोटर, लोखंडी काहील (रस उकळायची मोठी कढई), विटांचं चुलवण (तिच्याखालची भट्टी). वर पत्रा आहे, पण शेडच्या दोन बाजू उघड्या. शेवटचं आधण (काहिलीतला रसाचा घाणा) उतरलं, आता दिवाळीपर्यंत बंद. चिपाडाची (पिळून उरलेल्या उसाची, जळणासाठी) एक गंजी आणि गुळाचे ४० रवे (ढेपा) शिल्लक आहेत. चरकाला रंग द्या, ग्रीस भरा, ताडपत्री टाका, एवढंच सगळे सांगतात. तेवढ्यावर भागेल का? पाऊस लागायच्या आत कुठलं काम आधी उरकावं?

उद्यमबाग_फिटर:
नाही भागणार, दादा. रंग सगळ्यात शेवटी. रोलरच्या खाचांत राहिलेला रस आंबतो, त्याचं आम्ल होतं आणि ते रोलरचं बीड (ओतीव लोखंड) खात बसतं. वरून रंग मारला की आत काय चाललंय ते दिसतसुद्धा नाही. म्हणून आधी कढत पाणी आणि तारेचा ब्रश, मग चुन्याची निवळी, परत साधं पाणी, आणि एक दिवस कडक ऊन. रोलरच्या तोंडाला मशीनचं ग्रीस लावू नका, ते रसात उतरतं. शेंगतेलाचा हात फिरवा. चार महिन्यांत ते चिकट आणि खवट होईल, म्हणून हंगामाच्या आदल्या दिवशी सोड्याच्या गरम पाण्यानं काढायचं आणि पहिल्या दोन बादल्या रस काहिलीत घ्यायचा नाही.

गिअरमधल्या जुन्या ग्रीसमध्ये चिपाडाचा भुगा मुरलेला असतो. त्याच्यावरच नवं भरलं तर दात घासत राहतात. डिझेलनं धुऊनच भरा. मग रोलरखाली पहार घालून उचलून बघा. वर-खाली खेळत असेल तर गनमेटलचा बुश (रोलरचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) गेला. हे काम जूनमध्येच द्या, दसऱ्याच्या तोंडावर टर्निंगवाल्यांकडे रांग असते. प्रेशरचे स्क्रू ढिले सोडा, पट्टा उतरवून उंदीर जाणार नाहीत असा टांगा.

मोटर काढून घरात नेता आली तर उत्तम. नाहीतर सुरू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासून घ्या. एक मेगोहमच्या खाली आलं तर वाइंडिंगला ओल आहे, वीज द्यायची नाही. आधी २०० वॉटच्या बल्बच्या उबेनं वाळवा.

निपाणी_गुळव्या:
मशीनचं वरच्या दादांनी सांगितलंच आहे. पण माझ्या मते हंगामाचे पहिले पंधरा दिवस चरकामुळे जात नाहीत, ओल्या चुलवणामुळे आणि ओल्या जळणामुळे जातात. जाळ धरत नाही, आधण रेंगाळतं, रस जास्त वेळ शिजला की साखर मोडते आणि गूळ काळा, मऊ पडतो. मग दोष रसाची मळी काढायला घातलेल्या भेंडीला नाहीतर उसाला.

काहील चुलवणावर ठेवून जाऊ नका. बुडाची काजळी ओल धरते आणि पत्रा खालून कुजतो. उतरवा, धुण्याचा सोडा घालून पाणी उकळा (१०० लिटरला एक-दीड किलो), करपट मऊ झालं की लाकडी उलथण्यानं काढा. छिन्नी लावली की ओरखड्यात पुढच्या वर्षी रस करपतो. बारीक भोकं शोधायला बाहेरून चुन्याचा हात द्या, वाळू द्या आणि आतून रॉकेलचं फडकं फिरवा. भोक असेल तिथं पांढऱ्यावर ओला डाग फुटतो. नंतर सोड्यानं नीट धुवा, आतून तेल लावा आणि विटांवर पालथी घाला, खालून वारा खेळला पाहिजे.

चुलवणातली सगळी राख काढा, धुराड्याच्या बोळातलीसुद्धा. राख पाणी ओढते आणि विटा ओल्या ठेवते. धुराड्याला पत्र्याची टोपी बसवा, चुलवणाभोवती हातभर खोल चर मारा. मुखाजवळच्या फुटक्या विटा सिमेंटनं बसवू नका, तो त्या जाळात टिकत नाही. अग्निविटा आणि फायरक्ले घ्या, बाकीच्या भेगांना तांबडी माती आणि भुसा. सुरू करण्याआधी तीन-चार दिवस नुसता मंद जाळ द्या. विटेत पाणी असताना एकदम मोठा जाळ केला तर वाफेनं तिचे कपचे उडतात.

जांबोटी_रोड:
चिपाडाच्या गंजीवर ताडपत्री टाकली तर चालेल?

निपाणी_गुळव्या:
आमच्याकडे चालते, तुमच्याकडे जांबोटीच्या पावसात नाही. खाली दगड आणि फांद्यांचा हातभर उंच माच करा, गंजीला घराच्या आढ्यासारखा उतार द्या, वर पाचटाचा जाड शाकार घाला, त्यावर प्लास्टिक, आणि दोरीला दगड बांधून ताण द्या. बाजू मोकळ्या ठेवा. रचताना चिपाड मोडून बघा, कट्कन तुटलं पाहिजे. वाकलं तर अजून ओलं आहे. त्यात साखरेचा अंश असतो, ओलं दडपलं की आतून तापतं आणि पेटूही शकतं. आठवड्यातून एकदा लांब सळई आत खुपसा, दहा मिनिटांनी ओढा. हातात धरवत नसेल तर त्याच दिवशी गंजी उकला. शेडपासून लांबच रचा.

संकेश्वर_अडत:
ते ४० रवे तेवढे लवकर बघा. तुमच्या हवेत गूळ पाघळणारच. मऊ आणि काळपट रवे आधी बाजूला काढून आत्ताच विका, ते गणेश चौथीपर्यंत टिकत नाहीत. कडक, पिवळे रवे प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून वरून गोणपाट, आणि भिंतीपासून वीतभर लांब फळीवर ठेवा. खोलीच्या कोपऱ्यांत मडक्यात कळीचा चुना ठेवा, विरला की बदला. मडकं अर्धंच भरा, कारण चुना फुगतो आणि तापतो. प्लास्टिकला टेकू देऊ नका. पाऊस पडत असताना खोली उघडायचीच नाही. नागपंचमी आणि चौथीला घरगुती गिऱ्हाईक असतं, एक-एक किलोचे तुकडे करून द्या, पण फोडलेला रवा दोन दिवसांत संपवा.

बेळगाव_ऊस:
दोन गोष्टी राहिल्या. ऑगस्टअखेर बांधावर भेंडी टोका, पंधरा दिवसांनी परत एक वाफा. म्हणजे दिवाळीला हिरवी खोडं ठेचायला घरचीच मिळतात. आणि ऊस ठरवताना ८६०३२ जातीचा असला तरी खताचं विचारा, उशिरा युरिया मारलेल्या फडाचा गूळ बसत नाही. सप्टेंबरपासून हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरनं बुडखा, मधला आणि शेंडा तिन्हींचा ब्रिक्स (रसाच्या गोडीचा आकडा) बघा. शेंडा आणि बुडखा जवळजवळ सारखे आले की तो फड पहिला घ्या.

जांबोटी_रोड:
आभारी आहे सगळ्यांचा. उद्या काहील उतरवतो, गंजी उकलून माच घालतो. बुश बघून इथंच लिहितो.