मदत हवी आहे : मानेच्या शस्त्रक्रियेत कवटीही जोडून घ्यावी का?

मंडळी, घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

आई ६१ वर्षांची, आमवात १७ वर्षांपासून. दिवाळीपासून तिला साडीच्या निऱ्या धरता येईनात. बोटं वाकडी झालीत म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो. मग चालताना झोक जायला लागला, मान खाली घातली की पाठीतून झिणझिण्या. (मधे एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून मान चोळून घेतली होती. आता आठवलं की अंगावर काटा येतो.)

मान वाकवून आणि सरळ ठेवून एक्स-रे काढले. मानेचा पहिला मणका दुसऱ्यावरून पुढे सरकतो. मोठ्या माणसांत या दोघांत ३ मिमीपर्यंत अंतर चालतं. आईचं वाकल्यावर ९, सरळ बसल्यावर ४. एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब. ऑपरेशन करावंच लागेल, यावर दोन्ही सर्जनांचं एकमत आहे. घोळ पुढे आहे.

पहिले म्हणतात, वरचे दोनच मणके स्क्रूने जोडू. मुंबईच्या केईएमच्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली मांडलेली पद्धत, २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी त्यात पट्टीऐवजी सळई आणली. दुसरे म्हणतात, स्टेरॉईडनं हाडं ठिसूळ झालीत, पहिल्या मणक्यात स्क्रू धरला नाही तर? त्यापेक्षा कवटीपासून तिसऱ्या मणक्यापर्यंत जोडून टाकू.

मान डावी-उजवीकडे वळते त्यातला निम्मा भाग या दोन मणक्यांचा. तो दोन्ही पद्धतींत जाणारच. पण कवटी जोडली की होकाराची मानही बरीचशी गेली. शिवाय डोकं ज्या कोनात बसवलं तो कायमचा, आणि कोन चुकला तर गिळायला त्रास होतो, असं वाचलंय. आई एवढंच विचारते, "ताटात बघून जेवता येईल ना रे?"

कोणाच्या घरी कवटीसकट जोडलंय का? जेवण, जिना उतरणं, रस्ता ओलांडणं कसं जमतं? डोक्याच्या मागचा भाग बधिर होतो म्हणतात, तो पुढे सुधारतो का? आमवाताची इंजेक्शनं ऑपरेशनच्या किती आधी थांबवली होती? मणक्यालगतच्या धमनीचा मार्ग बघायला सीटी अँजिओ एकानेच सांगितलीय, ती मी करूनच घेतोय. महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन कोणाचं झालं असेल तर तेही सांगा.

पहिल्या सर्जननी पुढच्या मंगळवारची तारीख दिली आहे. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.