राइज आणि रेज लेकरांना कसं समजवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी पैठण तालुक्यात दहावीच्या लेकरांची इंग्रजीची शिकवणी घेते. राइज (rise) आणि रेज (raise) या दोन क्रियापदांत मुलं दरवर्षी अडकतात.

मी धरणावरून सुरुवात केली. नाथसागरात, म्हणजे आमच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, पाणी वाढलं, तर ‘द वॉटर रोझ’. ते आपोआप चढतं, पुढं कर्म लागत नाही. मग दरवाजे उचलले, तर ‘दे रेज्ड द गेट्स’. उचलणारा कुणीतरी आहे आणि उचललेली वस्तूही आहे. २७ दरवाजे सगळ्यांनी पाहिलेले, त्यामुळं हे पटकन समजलं. वाढणे म्हणजे राइज आणि वाढवणे म्हणजे रेज, असं फळ्यावर लिहून दिलं.

तेवढ्यात एका पोरीनं विचारलं, “मॅडम, आई ताटात भाजी वाढते, तिथं तर कर्म आहे, मग ते रेज का?” प्रश्न अगदी बरोबर होता. तिथं इंग्रजीत सर्व्ह येतं, हे सांगितलं, पण माझा नियम लंगडा पडला.

रूपांचा घोळ वेगळाच. राइज, रोझ, रिझन सोडून मुलं ‘प्राइसेस हॅव रेज्ड’ लिहितात. सोयाबीनचे भाव स्वतःहून चढले तर ‘हॅव रिझन’ आणि कुणी चढवले तर ‘वेअर रेज्ड’, हा फरक त्यांच्या गळी उतरत नाही.

तुम्ही हे कसं शिकवता? गावाकडची, शेतातली वाक्यं असतील तर कृपया द्या. सोमवारी पुन्हा हाच धडा घ्यायचा आहे.