शीआनहून टेराकोटा आर्मी: गाइडेड डे टूर घ्यावी की आपलं आपण जावं?

मुळाकाठ (प्रश्न)
एप्रिलच्या मध्यावर चीनमधल्या शीआनमध्ये एक अख्खा दिवस हाताशी आहे. सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीचे. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई पक्की शाकाहारी. हॉटेलातून डे टूर मिळतेय: सकाळी साडेआठला गाडी, इंग्रजी बोलणारा गाइड, तिकीट, जेवण, पाचला परत. घ्यावी का? मातीच्या सैनिकांचे तिन्ही खड्डे बघायला किती वेळ धरायचा? आणि ते कांस्य रथ ह्याच तिकिटात येतात का?

गडकोट
गुडघ्यांचा प्रश्न आहे तर टूर घ्या, फक्त पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. लीशान बागेत नेणार का? आणि वाटेत दुकानाचा थांबा आहे का?

रथ २०२१ पासून खड्ड्यांच्या आवारात नाहीत. ज्याच्यासाठी ही मातीची सेना घडवली त्या चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याची टेकडी आहे तिथे लीशान बागेत त्यांचं वेगळं संग्रहालय झालंय. तिकीट एकच, १२० युआन, आणि दोन्ही जागांमध्ये फुकट शटल बस. तरी बऱ्याच टूर तिकडे फिरकत नाहीत, कारण त्यात जाऊन-येऊन दीड-दोन तास जातात आणि तेवढ्या वेळात ‘कारखाना’ उरकायचा असतो. कारखाना म्हणजे मातीचे सैनिक विकणारं दुकान. तिथे पाच मिनिटं माती मळून दाखवतात आणि पाऊण तास काउंटरवर जातो. कधी जेडचं नाहीतर रेशमाचं दुकानही मध्ये घुसवतात. ‘नो शॉपिंग’ लिहिलेली टूर थोडी महाग पडली तरी तीच घ्या.

रथ चुकवण्यासारखे नाहीत. खऱ्या रथाच्या निम्म्या आकाराचे आहेत. दुसऱ्या रथाचं वजन १,२४१ किलो, सुटे भाग तीन हजारांच्या वर. घोड्यांच्या गळपट्ट्यात सोन्याच्या आणि चांदीच्या बारीक नळ्या एकाआड एक जोडल्यात, त्या काचेला नाक लावून बघा. टेकडी मात्र नुसती हिरवी टेकडी आहे. थडगं उघडलेलंच नाही, त्यामुळे चढायच्या फंदात पडू नका.

पायवाट७१
वरच्याशी सहमत. चालण्याचं गणित सांगतो. गेटपासून खड्ड्यांपर्यंत जवळपास एक किलोमीटर. बॅटरीवरची गाडी मिळते, पैसे वेगळे, बाबांसाठी बिनदिक्कत घ्या. बाहेर पडायचा रस्ता निराळा आहे आणि तो लांबलचक बाजारातून काढलाय. गाइडला पार्किंगची खूण आधीच विचारून ठेवा, नाहीतर थकलेल्या पायांनी उलटसुलट फिरावं लागतं.

खड्ड्यांना अडीच-तीन तास धरा. गेट उघडताच पोचलात तर थेट पहिल्या खड्ड्यात. दहानंतर पोचलात तर ३, २, १ असा क्रम लावा, कारण त्या वेळी सगळ्या बसगाड्या एकदमच पहिल्या खड्ड्यावर ओततात आणि समोरच्या कठड्याशी तीन-चार रांगा लागतात. तिथे रेटारेटी करण्यापेक्षा बाजूच्या मार्गाने मागे सरका. मागच्या टोकाला फुटलेले सैनिक जोडायचं काम चालतं, आणि गर्दीही कमी.

तिकीट पासपोर्ट नंबरवर असतं, म्हणून मूळ पासपोर्ट तिघांचेही बरोबर हवेत. झेरॉक्स किंवा फोटोवर विसंबू नका. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगची (पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाची) सुट्टी असते, ते दिवस आणि शनिवार-रविवार टाळा.

स्वतःच जायचं ठरलं तर मेट्रो लाइन ९ ने ह्वाछिंगछृ स्टेशन, तिथून पुढे बस किंवा टॅक्सी. स्टेशनबाहेर ‘टेराकोटा, टेराकोटा’ म्हणत मागे लागणाऱ्यांच्या गाडीत बसू नका. ते भलत्याच नकली प्रदर्शनात नेऊन सोडतात.

खापरखुणा
काय बघायचं त्याबद्दल थोडं. १९७४ च्या मार्चमध्ये शेतकरी विहीर खणताना हे सापडलं. ती जागा पहिल्या खड्ड्याच्या पुढच्या बाजूलाच आहे. पहिला खड्डा २३० बाय ६२ मीटर. तिसरा सगळ्यात छोटा, पण तोच सेनेचं मुख्यालय. दुसऱ्या खड्ड्यात बराचसा भाग अजून खणलेला नाही, म्हणून लोक पाच मिनिटांत बाहेर पडतात. घाई करू नका. कोसळलेल्या लाकडी छताच्या लाटा मातीत जशाच्या तशा दिसतात. तिथेच काचेच्या पेटीत गुडघा टेकलेला तिरंदाज आहे. त्याच्या मागून जा आणि बुटाचा तळवा बघा: चवड्याला आणि टाचेला टाके दाट, मधे विरळ.

गाइड हमखास सांगेल की त्या काळच्या तलवारींवर क्रोमचा मुलामा होता. २०१९ च्या अभ्यासात ते क्रोमियम लाखेतून (म्हणजे झाडाच्या चिकाच्या लॅकरमधून) आल्याचं निघालं, मुलामाबिलामा काही नाही. आणि ‘बाकीचे का खणत नाहीत?’ ह्याचं मुख्य उत्तर रंग. रंग लाखेच्या थरावर दिलेला होता; माती दूर होऊन कोरडी हवा लागली की लाख काही मिनिटांत आकसते आणि रंगासकट पोपडे सुटतात.

मुळाकाठ
झकास. लीशान लेखी घेतो. आईच्या जेवणाचं काय?

पायवाट७१
टूरच्या जेवणावर भरवसा नको. ‘भाजी’ म्हणून जे येतं त्यात खिमा किंवा मटणाचा रस्सा असू शकतो. ‘मांस, मासे, अंडं, रस्सासुद्धा नको’ हे चिनी लिपीत मोबाईलवर सेव्ह करून दाखवा. शीआनची ल्यांगपी बहुतेक ठिकाणी बिनमांसाची असते: पिठाच्या थंड पट्ट्या, मोड आलेलं कडधान्य, व्हिनेगर, तिखट तेल. तरी विचारूनच घ्या. थेपले बरोबर असलेले बरे.

पैशांसाठी निघण्याआधीच अलीपेला (चिनी पेमेंट ॲप) व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. नवीन कार्डांवर ते बंदच असतात. भारतीय सिमवर रोमिंग घेतलंत तर व्हॉट्सॲप चालतं. हॉटेलच्या वायफायवर चालत नाही, कारण चीनमध्ये ते बंद केलेलं आहे.